स्थूलता शस्त्रक्रिया : प्रकारांची निवड

जठराचे आकारमान घटवून, लहान आतड्याचा काही भाग अन्नाच्या वाटेतून वगळून किंवा दोन्ही करून वजन आणि त्याच्या अनुषंगाने येणारे विकार आटोक्यात आणणाऱ्या शस्त्रक्रिया. त्यांना बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणतात. ‘बॅरोस’ म्हणजे वजन या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. मधुमेहावरील परिणाम ध्यानात आल्यावर ‘चयापचयी शस्त्रक्रिया’ ही संज्ञाही रुळली. त्वचेखालची चरबी ओढून काढणाऱ्या लायपोसक्शनशी या शस्त्रक्रियांचा संबंध नाही. मुंबईत प्रामुख्याने तीन शस्त्रक्रियांतून निवड होते : स्लीव्ह (जठर उभे कापून अरुंद नळी ठेवणे), रू-एन-वाय बायपास (जठराच्या लहान कप्प्याला आतडे ‘वाय’ आकारात, दोन जोडांनी जोडणे) आणि एकजोड बायपास (लांब कप्प्याला आतड्याचा फेरा एकाच जोडाने जोडणे). रुग्णांच्या बोलण्यात त्या ‘स्लीव्ह’, ‘बायपास’ आणि ‘मिनी’ असतात. नुसते ‘बायपास’ म्हटले की घरच्यांना हृदयाची शस्त्रक्रिया वाटते, त्यामुळे संमतिपत्र समजावताना ‘जठराची बायपास’ असे स्पष्ट म्हणावे.

पात्रता : निकष देहवस्तुमान निर्देशांकावर, म्हणजे बीएमआयवर आधारलेले आहेत. अमेरिकेतील १९९१ च्या सहमतिपत्राने ४०, किंवा सहव्याधी असल्यास ३५, ही मर्यादा घातली. भारतीयांत कमी वजनालाच पोटाभोवती चरबी साचते आणि मधुमेह लवकर जडतो, म्हणून २००९ च्या भारतीय सहमतिपत्राने ती ३७.५ आणि ३२.५ वर आणली. २०२२ मध्ये अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्तपणे ३५ आणि चयापचयी विकार असल्यास ३० हे आकडे स्वीकारले. आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करण्यास हरकत नाही, असेही म्हटले. आरोग्य विम्याचा निकष मात्र वेगळा आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित कलमात वय १८ पूर्ण आणि बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध वा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी गंभीर व्याधी, आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले असणे, अशा अटी आहेत. १५५ सेंमी उंचीच्या, ८० किलो वजनाच्या मधुमेही स्त्रीचा बीएमआय ३३.३ येतो. भारतीय वैद्यकीय निकषात ती बसते, पण विम्याच्या निकषाला तिचे वजन चार किलोंनी कमी पडते. दाव्यासाठी वजन वाढवून येण्याचा मोह काहींना होतो. तो घातक आहे, कारण त्या काळात यकृतावरील चरबी वाढते आणि शस्त्रक्रियाच अवघड होते.

इतिहास आणि उगमाचे वाद : आतड्याचा वळणमार्ग, म्हणजे बायपास, वजनासाठी प्रथम कोणी केला, यावर एकमत नाही. स्वीडनचे व्हिक्टर हेन्रिकसन यांनी १९५२ च्या सुमारास लहान आतड्याचा मोठा भाग कापून काढला. मिनेसोटा विद्यापीठात रिचर्ड व्हार्को यांनी १९५३ च्या सुमारास वळणमार्ग केल्याचे सांगतात, पण तो त्यांनी प्रसिद्ध केला नाही. त्याच विद्यापीठातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांचा निबंध १९५४ चा. हेन्रिकसन यांची शस्त्रक्रिया उच्छेदनाची होती, वळणमार्गाची नव्हे; त्यामुळे प्रसिद्ध लेखाच्या आधारे १९५४ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ही शस्त्रक्रिया पुढे सोडून द्यावी लागली. वगळलेल्या लांब आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ होई, अतिसार थांबत नसे, मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे होत आणि काहींचे यकृत निकामी होई.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी पाहिले की व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण कृश राहतात. त्यावरून त्यांनी चिकाशी इतो यांच्यासह १९६६ मध्ये जठराची बायपास केली. मूळ रचनेत जठराचा वरचा आडवा कप्पा आतड्याच्या अखंड फेऱ्याला जोडलेला असे. त्यातून पित्तरस कप्प्यात व अन्ननलिकेत चढे. १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी फेऱ्याऐवजी स्विस शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाची, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी वापरली आणि तीच प्रमाण ठरली. १९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी ती दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध झाले. मुंबईत दुर्बिणीची पायवाट त्याआधीच पडली होती : तेहेमटन उडवाडिया यांनी ३१ मे १९९० रोजी जे. जे. रुग्णालयात पित्ताशय दुर्बिणीतून काढले.

स्लीव्हचे जनकत्वही वादग्रस्त आहे. इंग्लंडमधील लीड्सच्या जॉन्स्टन यांनी १९८७ मध्ये जठराची अरुंद नळी केली, पण उरलेला भाग काढला नाही. ओहायोतील हेस यांनी १९८८ पासून ग्रहणी-बदल (ड्युओडेनल स्विच) या, जठर घटवून आतड्याचा बराच भागही वगळणाऱ्या शस्त्रक्रियेत जठर उभे कापले. न्यूयॉर्कमध्ये गॅग्नर यांनी १९९९ पासून हीच मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून आरंभली. अतिस्थूल रुग्णांतील मृत्युदर पाहून शस्त्रक्रियेचे दोन टप्पे केले आणि ही पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्लीव्हच्या पहिल्या टप्प्यानेच काहींचे वजन इतके घटले की दुसऱ्याची गरज उरली नाही. आजची स्लीव्ह या पहिल्या टप्प्याचीच थेट वंशज मानावी; जॉन्स्टन यांची नळी कल्पनेने जवळची असली तरी तंत्राने वेगळी आहे. फार जास्त वजनात आधी स्लीव्ह करण्याचा रिवाज टिकून आहे. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तहून आणलेल्या अतिस्थूल महिलेवर झालेली शस्त्रक्रिया स्लीव्हच होती.

एकजोड बायपास रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केली व २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ‘मिनी’ हे नाव तेव्हापासूनचे. स्पेनमधील कार्बाहो यांनी २००२ पासून तिच्यात पित्त रोखणारे बदल केले. ही मेसन यांच्या टाकून दिलेल्या फेऱ्याचीच पुनरावृत्ती आहे, असा आक्षेप बरीच वर्षे होता. समर्थकांचे उत्तर असे की मेसन यांचा कप्पा आडवा व आखूड होता, तर हा लांब व अरुंद असल्याने जोड अन्ननलिकेपासून दूर राहतो. उत्तरात तथ्य आहे, पण आक्षेप त्याने पुरता निकाली निघत नाही. पित्ताची ओहोटी, म्हणजे ते उलटे वर चढणे, कमी होते, नाहीशी होत नाही. ‘मिनी’ या शब्दाने ही शस्त्रक्रिया किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पोषणद्रव्यांचे शोषण ती रू-एन-वायपेक्षा अधिक तोडू शकते.

स्लीव्हची कृती : जठराच्या डाव्या वक्राला जोडलेली चरबीची झालर व प्लीहेकडे जाणाऱ्या आखूड रक्तवाहिन्या सोडवून घेतात. नळीची रुंदी ठरवण्यासाठी तोंडातून ३२ ते ४० फ्रेंच मापाची बुजी, म्हणजे लवचिक मापनळी, घालतात. ३६ फ्रेंच म्हणजे १२ मिमी व्यास. जठराच्या खालच्या तोंडापासून, म्हणजे निर्गमद्वारापासून, सुमारे ४ सेंमी अंतरावर कापून टाके घालणारा पहिला स्टेपलर लावतात आणि बुजीच्या कडेने वर जातात. खालचा भाग जाड असल्याने तेथे उंच टाक्यांचे हिरवे काडतूस, तर वर पातळ भागात निळे वापरण्याची पद्धत आहे. जबडा मिटल्यावर काही सेकंद थांबून भिंतीतील द्रव निघू दिला तर टाके नीट बसतात. अन्ननलिकेच्या जोडाशी सुमारे १ सेंमी जागा सोडतात, कारण तेथे भिंत पातळ व रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. सुमारे ७५ ते ८० टक्के जठर निघते आणि १०० ते १५० मिलिची नळी उरते. घुमटाकार वरचा भाग गेल्याने भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक कमी होते. चुका बहुधा दोन जागी होतात. मधल्या कोनाशी स्टेपलर फार आत शिरला की नळी चिंचोळी होते किंवा पिळते. मग तिच्यातला दाब वर चढतो आणि वरच्या टोकाला गळती लागते. गळती साधारण १ ते २ टक्के रुग्णांत होते. ताप येण्याआधीच नाडी मिनिटाला १२० च्या वर टिकून राहणे ही तिची पहिली खूण असू शकते. रुग्ण घरी गेल्यावरही ती होऊ शकते, म्हणून नाडी मोजायला घरच्या माणसाला शिकवून पाठवावे.

रू-एन-वायमध्ये १५ ते ३० मिलिचा कप्पा करून त्याला आतड्याची १०० ते १५० सेंमीची अन्नवाहिनी जोडतात. पित्त वाहणारा फाटा खाली स्वतंत्र मिळतो. त्यामुळे आम्ल व पित्त दोन्ही अन्ननलिकेपासून दूर राहतात. आतड्यांच्या पडद्यांत पडणाऱ्या फटी न विरघळणाऱ्या टाक्यांनी बंद कराव्या लागतात. त्या उघड्या राहिल्या तर वजन उतरून चरबी विरळ झाल्यावर आतडे त्यांत अडकते. म्हणून बायपासनंतर वर्षांनीही अधूनमधून मुरडा येत असेल, तर तो नेहमीचा गॅस मानू नये. जोडापाशी व्रण होण्याची मुख्य कारणे तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या. एकजोड बायपासमध्ये फेरा साधारण १५० ते २०० सेंमीवर जोडतात. जोड एकच असल्याने शस्त्रक्रिया लवकर आटोपते.

जठराभोवती बसवून घट्ट-सैल करता येणारा समायोज्य पट्टा आता मागे पडला आहे. जठरात सहा महिने ठेवायच्या बलूनमध्ये निळे द्रावण असते. तो फुटला की लघवी हिरवी-निळी होते. अन्ननलिकेतून दुर्बीण उतरवून आतून टाके घालून जठर अरुंद करण्याचे एंडोस्कोपिक तंत्रही उपलब्ध आहे. २०२५ मध्ये टिरझेपटाइड व सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शने भारतात विक्रीस आली. शस्त्रक्रियेपूर्वी वजन उतरवण्यासाठीही त्यांचा विचार होऊ लागला आहे.

निवडीचे निर्णायक मुद्दे : किती किलो उतरतील, हा रुग्णांचा पहिला प्रश्न. निवड मात्र बहुतेकदा दुसऱ्याच गोष्टींवर ठरावी. फिनलंडच्या यादृच्छिक (कोणाला कोणती शस्त्रक्रिया हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवणाऱ्या) अभ्यासात पाच वर्षांनी जादा वजनातील घट स्लीव्हने ४९ तर बायपासने ५७ टक्के होती. स्वित्झर्लंडच्या अभ्यासात जादा बीएमआयमधील घट ६१ व ६८ टक्के. फरक आहे, पण अफाट नाही. आम्ल अन्ननलिकेत चढण्याचा, म्हणजे ओहोटीचा फरक मोठा आहे : स्विस अभ्यासात आधीपासून ओहोटी असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर ३१.८ टक्के रुग्णांत ती वाढली, बायपासनंतर ६.३ टक्क्यांत. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एंडोस्कोपी टाळू नये. अन्ननलिकेचा दाह, मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणे) किंवा बॅरेट बदल (आम्लाने अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा बदल) दिसल्यास रू-एन-वाय हाच योग्य पर्याय. अशा रुग्णात स्लीव्ह करणे म्हणजे काही वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया ओढवून घेणे होय. ‘अ‍ॅसिडिटी’ची गोळी रोज घेणारे अनेक जण ती औषधांत मोजतच नाहीत, हा प्रश्न वेगळा विचारावा.

मधुमेह किती वर्षांचा आहे, इन्सुलिन चालू आहे का, गोळ्या किती आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशक) ७ टक्क्यांच्या खाली आहे का, या चार बाबींवरून तीव्रतेचा गुणांक काढण्याची पद्धत २०१७ मध्ये मांडली गेली. सौम्य मधुमेहात स्लीव्ह व रू-एन-वाय बायपास या दोन्ही शस्त्रक्रिया उपयोगी ठरतात आणि मध्यम मधुमेहात बायपास सरस. फार जुन्या, इन्सुलिनवरच्या मधुमेहात पूर्ण मुक्ती दोन्हींनी क्वचितच मिळते, म्हणून कमी जोखमीची स्लीव्ह पुरते. रुग्णांना हा शेवटचा भाग उलटा वाटतो : आजार जितका जुना, तितकी शस्त्रक्रिया मोठी, अशी त्यांची समजूत असते.

संधिवातासाठी वेदनाशामके अटळ असतील, प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असतील, क्रोहन हा आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा विकार असेल किंवा आधीच्या शस्त्रक्रियांनी पोटात आतडी चिकटलेली असतील, तर स्लीव्हकडे कल असावा. बायपासनंतर वगळलेल्या जठरात व पित्तनलिकेत नेहमीच्या एंडोस्कोपने पोचता येत नाही. जठराच्या कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असल्यास हे महत्त्वाचे. एकजोड बायपासबद्दल फ्रान्समधील २०१९ च्या अभ्यासात वजनघट रू-एन-वायच्या तोडीची आढळली, पण २०० सेंमीच्या फेऱ्याने अतिसार व कुपोषणाच्या तक्रारी अधिक झाल्या. फेरा १५० सेंमीच्या आसपास ठेवणे अधिक सुरक्षित दिसते.

मुंबईतील आहार हा निवडीचाच भाग आहे. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, वाटीभर शिजलेल्या डाळीतही तितकीच किंवा थोडी अधिक. आणि सुरुवातीला वाटीभर डाळ एका बैठकीत पोटात मावत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या जैन रुग्णाला ही भर कमी तासांत घालावी लागते. अंडी, मासे न खाणाऱ्यांत बी१२ व लोह आधीच कमी असते. त्यांना लांब फेऱ्याची बायपास देताना दोनदा विचार करावा आणि कमतरता आधी भरून काढावी. पनीर, घट्ट दही, मोडाची उसळ, सोया आणि प्रथिनांची पूड यांवर भर द्यावा लागतो. चतुर्थी, एकादशी किंवा नवरात्रातील साबुदाण्याची खिचडी प्रथिनाविना पिष्टच देते. बायपासनंतर गोड कटिंग चहा किंवा मिठाई खाऊन अर्ध्या तासात घाम, धडधड व जुलाब होतात, ते साखर झपाट्याने आतड्यात उतरल्यामुळे. पाव पहिले काही महिने अडकतो. पाणी जेवणासोबत नाही, तर अर्ध्या तासाने, घोटघोट, दिवसाला दीड-दोन लिटर. लोकलच्या लांब प्रवासात हे हमखास चुकते आणि चक्कर येते.

शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. त्याने यकृत आक्रसते व जठराची वरची बाजू दिसते. नंतर दोन आठवडे द्रव, दोन आठवडे वाटलेले अन्न, मग मऊ भात-वरण. सहा ते आठ आठवड्यांत नेहमीचे. पित्तखडे टाळण्यास उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल सहा महिने, आम्लरोधक काही महिने. गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवतात. बायपासनंतर कॅल्शियम सायट्रेट स्वरूपात घ्यावे आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावे. सारखी उलटी होत असेल, तर ग्लुकोज सलाइन लावण्यापूर्वी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यावे. ते विसरल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक व अल्ब्युमिन पहिल्या वर्षी तीन-सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासतात. स्लीव्ह झालेल्यांनाही हे लागू आहे.