मलेशियाचे आगोंग आणि नेगेरी सेम्बिलानचे बेसार: दोन निवडलेले राजे

मलेशियाच्या रिंगिट नोटांवर तुआंकू अब्दुल रहमान यांचं चित्र असतं. ते देशाचे पहिले ‘यांग दि-पेर्तुआन आगोंग’, म्हणजे साऱ्या देशाचे राजे. पण त्याआधी ते नेगेरी सेम्बिलान या राज्याचे ‘यांग दि-पेर्तुआन बेसार’, म्हणजे त्या एका राज्याचे राजे होते. पदव्या इतक्या सारख्या, त्यात दोन्ही राजे मतदानानं निवडले जातात, त्यामुळे ही दोन पदं सर्रास एकच समजली जातात. प्रत्यक्षात त्यांची घडण फार वेगळी आहे.

आगोंग हे पद 1957 साली स्वातंत्र्याबरोबर आलं. मलेशियातल्या नऊ राज्यांना राजे आहेत: सात सुलतान, पेर्लिसचे राजा आणि नेगेरी सेम्बिलानचे बेसार. हे नऊजण गुप्त मतदानानं आपल्यातल्याच एकाला पाच वर्षांसाठी आगोंग करतात. मतदान होतं खरं, पण पाळी ठरलेली असते. पहिली फेरी 1994 मध्ये संपली आणि दुसरी पुन्हा नेगेरी सेम्बिलानपासूनच सुरू झाली. जानेवारी 2024 मध्ये जोहोरचे सुलतान इब्राहिम आगोंग झाले, तेही याच क्रमानं. मुदत संपली की आगोंग आपल्या राज्यात परततात. तोवर तिथला कारभार प्रतिनिधी पाहतो.

बेसारांना अशी मुदत नाही, ते तहहयात राजे असतात. आणि त्यांना निवडणारे स्वतः राजे नसतात! मला या पद्धतीतली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

सुमात्रातून आलेल्या मिनांगकाबाऊ लोकांनी नेगेरी सेम्बिलानचा मुलूख वसवला. त्यांचे रीतिरिवाज, म्हणजे ‘अदात पेर्पातिह’, मातृवंशीय आहेत: कूळ आईचं आणि वडिलोपार्जित जमीनही आईकडून लेकीकडे जाते. सुंगाई उजोंग, जेलेबू, जोहोल आणि रेम्बाऊ या चार मोठ्या भागांचे प्रमुख, म्हणजे ‘उंडांग’, याच मातृवंशीय कुळांतून येतात. या सरदारांच्या डोक्यावर एक राजा हवा म्हणून सुमात्रातल्या पागारुयुंगच्या राजघराण्यातून राजा मेलेवार यांना आणलं गेलं; 1773 साली त्यांचा राज्याभिषेक झाला. म्हणजे इथे सरदार आधी आणि राजा नंतर. आजही चार उंडांगच बेसार निवडतात. उमेदवार मात्र राजा रादिन या पूर्वीच्या बेसारांच्या वंशातला पुरुषच लागतो आणि हा वंश बापाकडून मोजतात. एकाच राज्यात प्रजेचं कूळ आईकडून, राजाचं बापाकडून, आणि दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. उंडांग स्वतः कधीच राजा होऊ शकत नाही; पण त्याच्या मताशिवाय कुणी राजा होत नाही.

या मताला किती वजन आहे ते 1967 मध्ये दिसलं. बेसार तुआंकू मुनाविर वारले, तेव्हा त्यांचे पुत्र मुहरिज अगदी तरुण होते. उंडांगांनी मुनाविर यांचे भाऊ जाफर यांना निवडलं. डिसेंबर 2008 मध्ये जाफर वारले. त्यांना मुलगे होते, तरी चौघांनी मुहरिज यांच्याकडे गादी सोपवली. चाळीस वर्षांपूर्वी बाजूला राहिलेला वारस असा परत आला. सुलतानाच्या थोरल्या मुलाकडे गादी जाते अशा राज्यात हे घडणं कठीण.

याच जाफर यांनी 1994 ते 1999 या काळात आगोंगपदही सांभाळलं. एकाच माणसाची ही दोनदा झालेली निवड: एकदा चार सरदारांनी तहहयात केलेली, दुसऱ्यांदा राजांनी पाच वर्षांपुरती केलेली.

आणखी एक गल्लत होते ती ‘यांग दि-पेर्तुआ नेगेरी’ या पदवीमुळे. मलाक्का, पेनांग, साबा आणि सारावाक इथे राजघराणी नाहीत. आगोंग तिथे राज्यपाल नेमतात आणि ही पदवी त्यांची. आगोंगच्या निवडणुकीत त्यांना मत नसतं, म्हणून राज्यं तेरा असूनही मतं नऊच.