घाम गळून भागत नाही, तो वाळावा लागतो

निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाचा हंगाम लागला की गुऱ्हाळं पेटतात. तिथल्या दोन माणसांकडे नीट बघा. एक जण चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळकी चिपाडं आत सारत असतो. त्याला धग सोसवत नाही, पण त्याचा घाम अंगावरच वाळतो आणि सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटतात. दुसरा गुळव्या. तो उकळत्या काहिलीवर वाकून मळी काढतो आणि वाफेच्या लोटात नुसता निथळत राहतो. गळून खाली पडलेला घाम शरीराला जवळपास काहीच थंड करत नाही. पाणी आणि मीठ मात्र गेलेलं असतं.

शरीराला आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचं असतं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हे काम बघतो. रक्त किती तापलंय हे त्याला थेट कळतं, कातडीची खबर मज्जातंतू आणतात. कष्टाच्या कामात स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णताच होतो. ती बाहेर काढायला आधी कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. एरवी कातडीला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त मिळतं. कडक उष्म्यात ते ६ ते ८ लिटरपर्यंत जातं. हा सगळा भार हृदयावर पडतो, म्हणून उन्हाळा हृदयरोग्यांना जड जातो.

हवा कातडीपेक्षा तापली की हा मार्ग उलटतो, उष्णता बाहेरून आत येऊ लागते. मग उरतो फक्त घाम. अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. अंगमेहनतीच्या तासाभराची उष्णता त्यात सहज निघून जाते. पण हवा आधीच ओली असेल तर तो वाळणार कुठे? अथणीकडच्या कोरड्या उन्हात चटके बसतात तरी माणूस तग धरतो, आणि वळीव पडून गेल्यावर पारा उतरूनही जीव उकडून निघतो, तो यामुळेच.

सवयीनं फरक पडतो. उन्हात नव्यानं राबणाऱ्याचं शरीर एक-दोन आठवड्यांत बदलतं: घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून नव्या गड्यावर पूर्ण काम टाकणं मला धोक्याचं वाटतं.

खानापूरच्या गारठ्यात हेच उलटं चालतं. वाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि स्नायूंच्या त्या थरथरीतून उष्णता तयार होते.

ताप येतो तेव्हा हायपोथॅलॅमस स्वतःच आपलं लक्ष्य वर नेतो, म्हणून अंग तापलेलं असतानाही थंडी वाजते. पॅरासिटामॉल ते लक्ष्य खाली आणतं. उष्माघातात लक्ष्य बदललेलंच नसतं, थंड होण्याची व्यवस्था कोलमडलेली असते, त्यामुळे ती गोळी तिथे उपयोगाची नाही. अंग भाजतंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं की त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्याची गाडी बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.