सुती झुला धुताना दोरीच्या आत काय घडते?

सुती दोरीच्या झुल्यावर, म्हणजेच हॅमॉकवर, बसलेली धूळ वरवर दिसते. परंतु त्याचा खरा मळ आत असतो. अंगाचा घाम, त्वचेचा तेलकटपणा आणि केसांचे तेल दोरीच्या पिळात झिरपते व त्यालाच धूळ चिकटते. म्हणून असा झुला घरी हाताने धुताना रगडण्यावर जोर देऊ नये. पाणी पिळाच्या आतपर्यंत पोहोचले पाहिजे आणि नंतर ते पूर्णपणे बाहेर निघाले पाहिजे. ब्रशने घासल्यास मळ निघण्याआधी दोरीवर लव येते.

भिजवण्यापूर्वी लोखंडी कड्या निघत असतील तर काढाव्यात, कारण ओल्या सुतावर पडलेला गंजाचा डाग डिटर्जंटने जात नाही. दोन्ही टोकांच्या दोऱ्या नाडीने एकत्र बांधाव्यात, म्हणजे टबात गुंता होत नाही. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरते. असे असंख्य रेणू तेलाच्या कणाला वेढून तंतूपासून सोडवतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. बोअरवेलच्या जड पाण्यात नेहमीचा साबण वापरला, तर कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे त्याचा चिकट साका बनून दोरीत अडकतो. तिथे थोडेसे द्रव डिटर्जंटच बरे. झुला अर्धा तास भिजू द्यावा, हाताने हलके दाबत राहावे आणि फेस येणे थांबेपर्यंत पाणी बदलून खळबळावा. क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र टाळावे, कारण ते सेल्युलोजचे, म्हणजे सुताचे तंतू ज्या पदार्थाचे बनलेले असतात त्याचे, ऑक्सिडीकरण करून दोरी कमकुवत करते, आणि याच दोरीवर माणसाचा भार पडणार असतो.

सुताचा एक गुण विलक्षण आहे: ते ओले असताना कोरड्यापेक्षा अधिक मजबूत असते. नायलॉनचे नेमके उलटे, भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते. पाणी शोषल्यावर सुताचे तंतू जाडीने चांगले फुगतात, पण लांबीने जवळजवळ वाढत नाहीत; त्यामुळे पिळातील प्रत्येक तंतूला आता जाड झालेल्या दोरीभोवती मोठा वळसा घ्यावा लागतो आणि दोरी आखूड होते. ओल्या गाठी घट्ट आवळतात त्या यामुळेच, म्हणून त्या ओलेपणी सोडवू नयेत. पाण्याने जड झालेला झुला एका टोकाने उचलू नये, त्याची वीण ओढली जाते. खालून दोन्ही हातांनी उचलावा. पिळण्याऐवजी तो टबाच्या काठावर निथळू द्यावा.

वाळवणे हाच या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. दोरी बाहेरून कोरडी वाटली तरी गाठींमध्ये ओल राहते, आणि कोकणातल्या पावसाळी दमट हवेत तिथे बुरशी धरते. काही बुरशी सेल्युलोजचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) सोडतात. म्हणजे काळे डाग पडतातच, शिवाय दोरीही आतून कुजत जाते. त्यामुळे झुला वाऱ्याच्या जागी पसरून टांगावा. सुती झुल्याला ऊन चालते, नायलॉनचा असल्यास सावली बरी, कारण अतिनील किरणांनी नायलॉन ठिसूळ होते. सर्वांत जाड गाठ गालाला लावून पाहावी: पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे ओली गाठ गार लागते. ती गार लागत असेल, तर झुला अजून घडी घालण्याजोगा झालेला नाही. पूर्ण वाळल्यावर तो प्लास्टिकऐवजी सुती पिशवीत ठेवावा.