एका महिन्याच्या पासिंगवरून काय कळतं?

'इलेक्ट्रिक गाड्या पन्नास टक्क्यांनी वाढल्या', 'डिझेल संपलं', 'हायब्रिडने बाजी मारली' अशा बातम्या दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येतात. साताऱ्यात किंवा सांगलीत दहा-पंधरा लाख मोजायला निघालेला माणूस त्या वाचून इंधन ठरवायला लागतो. गाडी पुढची दहा वर्षं दारात उभी राहणार असते, त्यामुळे हा आकडा नेमका कशाचा आहे हे आधी समजून घ्यायला हवं.

गाड्यांच्या विक्रीचे दोन वेगळे आकडे प्रसिद्ध होतात. एक सियामचा, म्हणजे वाहन उत्पादकांच्या संघटनेचा. कारखान्यातून डीलरकडे किती गाड्या गेल्या हे तो सांगतो. दुसरा फाडाचा, म्हणजे डीलरांच्या संघटनेचा. तो आरटीओतल्या नोंदणीवर, आपल्या बोलीत पासिंगवर, आधारलेला असतो. दसरा-दिवाळीच्या आधी कंपन्या डीलरच्या गोडाऊनमध्ये माल भरून ठेवतात. सियामचा आकडा तेव्हाच फुगतो आणि गिऱ्हाईकाच्या हातात किल्ली जाते ती नंतर. त्यामुळे एकाच महिन्यात एक बातमी विक्री वाढल्याची आणि दुसरी घटल्याची असू शकते आणि दोन्ही खऱ्या असतात. लोक काय घेताहेत हे बघायचं असेल तर पासिंग बघावं.

ते बघायला बातमीचीही गरज नाही. केंद्राच्या 'वाहन' संकेतस्थळावरचा डॅशबोर्ड सगळ्यांना खुला आहे. राज्य महाराष्ट्र निवडा, मग आपलं कार्यालय. उभ्या अक्षावर इंधन आणि आडव्या अक्षावर महिने घ्या, वर्ष निवडा आणि रिफ्रेश करा. एवढ्यावर थांबलात तर तक्त्यात दुचाकी, ट्रॅक्टर, टेम्पो सगळंच येईल. आपल्याकडे दुचाकींची संख्या इतकी मोठी आहे की मोटारींचा मागमूसही राहणार नाही. म्हणून डावीकडच्या गाळणीत वाहनाच्या वर्गात फक्त 'मोटार कार' ठेवा आणि पुन्हा रिफ्रेश करा. ही दुसरी रिफ्रेश राहून जाते आणि जुनाच तक्ता नवा समजून उतरवला जातो. 'मोटार कॅब' हा वर्ग टॅक्सीचा, तो वेगळा काढा. एखाद्या प्रवासी कंपनीने दहा इलेक्ट्रिक टॅक्सी एकदम घेतल्या तर त्यात घरगुती गिऱ्हाईकाचा कल शोधण्यात अर्थ नाही.

कार्यालय निवडतानाही जपून. सांगली एमएच १०, सातारा एमएच ११ आणि कराड एमएच ५०. फक्त साताऱ्याचा आकडा घेऊन 'जिल्ह्यात इतक्या गाड्या' म्हटलं की कराड-पाटणकडच्या गाड्या सुटल्याच. एखाद्या तालुक्यासाठी नवं उपप्रादेशिक कार्यालय निघालं तर जुन्या कार्यालयाचा आकडा त्या महिन्यापासून घसरतो, आणि त्या घसरणीचा इंधनाशी काडीचा संबंध नसतो.

आता तक्त्यातल्या ओळी. बहुतेकांची गल्लत इथेच होते. इलेक्ट्रिक गाड्या 'इलेक्ट्रिक (बीओव्ही)', म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, आणि 'प्युअर ईव्ही' अशा दोन ओळींत विभागलेल्या दिसतात, त्यांची बेरीज करावी लागते. पेट्रोलचंही तसंच. वीस टक्के इथेनॉल चालणाऱ्या गाड्यांसाठी 'पेट्रोल (ई२०)' अशी वेगळी ओळ आली आणि साध्या 'पेट्रोल'ची ओळ झपाट्याने खाली गेली. गिऱ्हाईक तेच, पंपही तोच, बदललं फक्त ओळीचं नाव. सगळ्यात मोठा घोळ हायब्रिडचा, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांचा. 'पेट्रोल/हायब्रिड' या ओळीत माइल्ड हायब्रिड, म्हणजे मोटर इंजिनाला फक्त हात लावते अशा, गाड्यांचा मोठा भरणा असतो आणि नुसत्या मोटरवरही काही अंतर चालणाऱ्या गाड्यांची 'स्ट्राँग हायब्रिड ईव्ही' ही ओळ निराळी आहे. गाडी कोणत्या ओळीत पडेल हे कंपनीने मान्यतेच्या कागदात इंधन काय लिहिलं आहे त्यावर ठरतं. दोन्ही ओळी एकत्र करून 'हायब्रिडची लाट' म्हणणं चूक आहे, कारण आत बसलेलं यंत्र वेगळं आहे.

किती वेगळं, ते पसरणी घाटात दिसतं. पाचगणीहून वाईला उतरताना साधारण साडेपाचशे मीटरचा उतार आहे. माणसं-सामानासह १७०० किलोची गाडी एवढी खाली येते तेव्हा सुमारे अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. हे युनिट म्हणजे वीजबिलातलंच. त्यातलं पाऊण युनिट टायरच्या घर्षणात आणि हवा कापण्यात जातं. उरलेलं साध्या गाडीत ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जातं आणि वाईत पोचेपर्यंत चाकाजवळ जळका वास येतो. गाडीत मोटर असेल तर तीच जनित्र होऊन यातलं एक-सव्वा युनिट परत मिळवू शकते. मात्र ते ठेवायला जागा हवी. आपल्याकडच्या बहुतेक माइल्ड हायब्रिडची बॅटरी एका युनिटच्या दहाव्या भागाहूनही लहान असते. पहिल्या दोन-तीन वळणांतच ती भरते, आणि नुसत्या तिच्या जोरावर गाडी चालत नाही. ती इंजिन सुरू करायला आणि पिकअपला थोडा हात लावायला असते. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरीही युनिटभराच्या आसपासचीच, आणि आयुष्य टिकावं म्हणून तिचा मधला भागच वापरला जातो. ती घाटाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात भरून जाते, पुढे इंजिन डिझेल-पेट्रोल न पिता नुसतं फिरून गाडी रोखतं. चाळीस युनिटांच्या इलेक्ट्रिक गाडीला मात्र सव्वा युनिट म्हणजे तीन टक्के. ते सहज मावतं. अट एवढीच की पाचगणीत शंभर टक्के चार्ज करून निघू नये. बॅटरी भरलेली असली की ती परतीची वीज घेत नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जाणवणारा ओळखीचा रोध अचानक गायब होतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो. वर नव्वद टक्क्यांवर थांबवावं.

ओळी नीट लावल्या तरी महिन्याचा आकडा उड्या मारतोच, आणि आपल्या भागात तो पंचांगाप्रमाणे मारतो. पितृपंधरवड्यात शोरूम ओस पडतात. अधिक महिन्यातही अनेक घरं नवी गाडी टाळतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा दोन महिन्यांत विभागून आला होता. मुहूर्ताला दारात गाडी हवी तर पासिंग चार-आठ दिवस आधी उरकावं लागतं. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे त्याची बरीचशी नोंदणी सप्टेंबरच्या खात्यात गेली. डिसेंबरमध्ये गिऱ्हाईक म्हणतं, 'जानेवारीचं पासिंग करा', कारण विकताना कागदावर वर्ष नवं दिसतं. त्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा खास हिशेब आहे तो उसाचा. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. कायद्याने ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, मिळायला हवी. पहिली उचल खात्यावर पडली की बुकिंग होतं. पुढे तासगावकडे द्राक्ष-बेदाण्याचे आणि सांगलीच्या पेठेत हळदीचे पैसे हलतात. या पैशाची वेळ मागेपुढे झाली की मोटारींचा महिनाही मागेपुढे होतो.

मागच्या महिन्याशी तुलना म्हणूनच जवळपास निरुपयोगी. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी असं सगळे सांगतात, पण तिथेही सण इंग्रजी तारखेला बांधलेले नसतात. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला होता. आता आर्थिक वर्षं लावून बघा. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात एकही पाडवा आला नाही आणि पुढच्या वर्षात दोन आले. म्हणजे वर्षाची बेरीजही पूर्ण निर्दोष नाही.

यापेक्षा अवघड भाग लहान आकड्यांचा आहे. समजा एखाद्या आरटीओत गेल्या वर्षी एका महिन्यात १६ इलेक्ट्रिक मोटारी पास झाल्या आणि यंदा त्याच महिन्यात २४. पन्नास टक्के वाढ! पण कोणी कधी गाडी घेईल हे आपापल्या अडीअडचणींवर असतं, त्यामुळे मोजलेल्या संख्येत तिच्या वर्गमुळाइतका चढउतार आपोआप येतो. १६ ला चार, २४ ला जवळपास पाच. दोन संख्यांच्या फरकातला असा चढउतार, म्हणजे डगमग, काढायची तर त्यांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. ४० चं वर्गमूळ ६.३. आपला फरक ८. फरक डगमगीच्या दुपटीहून मोठा असेल तरच त्याला वजन द्यायचं असा साधा दंडक आहे, आणि इथे तो सव्वापटच भरतो. दोन-तीन कुटुंबांनी बुकिंग पुढे ढकललं असतं तर बातमी झालीच नसती. आता बारा महिन्यांची बेरीज घ्या. समजा गेल्या वर्षी १९० आणि यंदा २८५. वाढ तीच पन्नास टक्के, पण फरक ९५ आणि डगमग सुमारे २२. चौपटीहून जास्त! ही वाढ खरी मानायला हरकत नाही. हे गणित मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं, आणि मी प्रत्येकाला ते करायला सांगेन.

सणाचा परिणाम सगळ्याच इंधनांवर होतो, म्हणून एकूण मोटारींतला वाटा काढला की तो बराचसा पुसला जातो. वाट्याचीही एक खोड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. आधी तो २८ टक्के होता आणि वर उपकर. इलेक्ट्रिकवर ५ टक्के होता तोच राहिला. कर कमी होणार हे १५ ऑगस्टलाच जाहीर झाल्याने महिनाभर लोक थांबले, त्यात पितृपंधरवडा आला, आणि नवे दर नेमके घटस्थापनेला लागू झाले. अशा वेळी लहान पेट्रोल गाड्यांची रांग लागते. समजा आधी ८०० मोटारींत २० इलेक्ट्रिक होत्या, नंतर १२०० मध्ये २४. इलेक्ट्रिकची संख्या वाढली आणि वाटा अडीचवरून दोन टक्क्यांवर आला. 'इलेक्ट्रिकला ओहोटी' असा मथळा यातूनच तयार होतो. वाटा आणि संख्या नेहमी शेजारी शेजारी लिहावेत.

मग खरा कल कसा दिसतो? डिझेलचा इतिहास बघावा. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर खुले झाले, डिझेलचे सरकारच्या हातात राहिले. २०१२ च्या सुमारास लिटरमागे पंचवीस रुपयांवर फरक पडला आणि देशातल्या निम्म्याहून जास्त मोटारी डिझेलच्या खपू लागल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही खुलं झालं, फरक आटला, वाटा उतरू लागला. १ एप्रिल २०२० ला बीएस ६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे कडक निकष, आले. डिझेल मोटारींना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. त्यासाठी लागणारी यंत्रणा लहान गाडीला परवडेना आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. आज देशातला डिझेलचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आत आहे, पण तो मोठ्या एसयूव्हींत घट्ट बसलाय. महाराष्ट्रात डिझेल मोटारीला किमतीनुसार १३ ते १५ टक्के वाहन कर आहे, पेट्रोलला ११ ते १३. एवढं असून लोक ती घेतात, कारण लांब पल्ल्याला आणि भरल्या गाडीला ती अजून स्वस्त पडते.

पण सांगलीतल्या विश्रामबागेतून मिरज एवढीच रोजची ये-जा असेल तर आजचं डिझेल घेऊ नये असं मी ठामपणे म्हणेन. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सर मार्गात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला तिथे सहाशे अंशांच्या आसपास तापमान आणि सलग पंधरा-वीस मिनिटं वेगात चालणं लागतं. कराड-सातारा एका दमात गेलात तर ते आपसूक होतं. चार-पाच किलोमीटरच्या फेरीत ते अर्धवट राहतं. जाळी तापवण्यासाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढल्यावर ऑइल कमी होण्याऐवजी खुणेच्या वर गेलेलं दिसलं तर समजावं की हेच चाललंय. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की इंजिन बंद न करता गाडी हायवेला न्यावी. तरीही दुर्लक्ष झालं तर गाडीची ताकद कापली जाते आणि पुढचं काम वर्कशॉपचं.

घरच्या तक्त्यासाठी एक वही पुरते. महिना संपल्यावर आठ-दहा दिवस थांबून आकडे उतरवावेत. इलेक्ट्रिक, स्ट्राँग हायब्रिड, पेट्रोल/हायब्रिड, डिझेल, सीएनजी आणि एकूण असे रकाने, त्यांच्या शेजारी मागच्या बारा महिन्यांची बेरीज, आणि सगळ्यात शेवटी एक रिकामा रकाना शेऱ्यासाठी. त्यात सण, कर आणि नवं मॉडेल लिहायचं. २०२६ साठीचे शेरे असे. पाडवा १९ मार्चला, अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरात होती, त्यामुळे २०२६ च्या ऑक्टोबरचा आकडा तिच्याशी ताडला तर सगळ्याच इंधनांत घसरण दिसू शकते. पुढचा पाडवा थेट ७ एप्रिल २०२७ ला आहे, म्हणजे २०२६-२७ या आर्थिक वर्षात पुन्हा एकही पाडवा नाही.