आर्नोल्फिनी दांपत्यचित्र

यान व्हान आइक (मृत्यू १४४१) या फ्लेमिश चित्रकाराने १४३४ मध्ये ओकच्या फळीवर तैलरंगात रंगवलेले एका जोडप्याचे व्यक्तिचित्र. उंची सुमारे ८२ सेंमी., रुंदी ६० सेंमी. १८४२ पासून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नामवंत चित्रांमागच्या न उलगडलेल्या कोड्यांचा विषय निघाला की या चित्राचे नाव हटकून येते, आणि ते योग्यच आहे. मोनालिसाच्या हास्याचे गूढ बरेचसे पाहणाऱ्याच्या मनात असते. येथे मात्र सगळा पुरावा डोळ्यांसमोर लख्ख मांडलेला आहे आणि तरीही त्याची संगती लागत नाही. या चित्राची ओढ नेमकी त्यात आहे.

खोलीत फरचा झगा घातलेला पुरुष आणि हिरव्या झग्यातली स्त्री उभी आहे. त्याच्या डाव्या हातात तिचा उजवा हात. खिडकीपाशी संत्री, पुढे काढून ठेवलेल्या लाकडी खडावा, पायांशी केसाळ छोटा कुत्रा, मागे लाल पलंग. भर दिवसा पितळी झुंबरात एकच मेणबत्ती जळते आहे. मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा असून त्याच्या चौकटीवरील, बोटाच्या नखाएवढ्या दहा वर्तुळांत ख्रिस्ताच्या यातनांचे व पुनरुत्थानाचे प्रसंग आहेत. आरशात जोडपे पाठमोरे दिसते आणि त्यांच्यापलीकडे, दारात, आणखी दोन माणसे. कुत्रा मात्र आरशात नाही. आरशाच्या वर वळणदार लॅटिन अक्षरांत लिहिले आहे : ‘यान व्हान आइक येथे होता, १४३४’. ‘हे चित्र मी काढले’ असे तो म्हणत नाही. दारातल्या दोघांपैकी एक तोच असावा, असे मानण्याचा मोह म्हणूनच आवरत नाही.

स्त्री गरोदर आहे, असे पहिल्यांदा पाहणाऱ्या बहुतेकांना वाटते. तसे मानायला आधार नाही. घोळदार झग्याचे कापड पोटाशी उचलून धरण्याची तेव्हा रीत होती. व्हान आइकनेच रंगवलेल्या संत कॅथरिन या कुमारिकेचे पोटही असेच पुढे आलेले दिसते.

एर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकाराने १९३४ मध्ये मांडले, की हे चित्र म्हणजे एका खाजगी विवाहाचा साक्षीपुरावा आहे आणि भिंतीवरची ओळ ही साक्षीदाराची सही. कुत्रा म्हणजे निष्ठा, मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी ईश्वर, काढलेली पादत्राणे म्हणजे पवित्र भूमी, अशी एकेका वस्तूची फोड त्याने केली. ही मांडणी इतकी देखणी होती, की दोन-तीन पिढ्या तीच शिकल्या. पण स्त्रीचे केस बांधून झाकलेले आहेत, म्हणजे ती आधीच विवाहित असावी. शिवाय अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत कुत्रा आणि झुंबर रंगांखालच्या मूळ रेखाटनात सापडले नाहीत. ते रंगवताना नंतर आले. आखीव सांकेतिक योजनेच्या कल्पनेला त्यामुळे मोठा धक्का बसतो.

माणसे कोण, हा घोळ त्याहून मोठा आहे. १५१६ मध्ये नेदर्लंड्सची कारभारीण ऑस्ट्रियाची मार्गारेट हिच्या संग्रहाच्या यादीत ‘एर्नूल ल फँ आणि त्याची पत्नी’ अशी नोंद आढळते. हे आर्नोल्फिनी नावाचेच फ्रेंच रूप मानून इटलीतील लुक्का गावच्या, ब्रुज (आजच्या बेल्जियममधील शहर) येथे स्थायिक झालेल्या आर्नोल्फिनी या व्यापारी घराण्याकडे बोट दाखवले गेले. दीर्घकाळ जोव्हान्नी दि आर्रिगो आणि जोव्हान्ना चेनामी हीच नावे दिली जात होती. १९९७ मध्ये झाक पाव्हियो या इतिहासकाराने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांवरून त्यांचे लग्न १४४७ मध्ये, म्हणजे चित्रानंतर १३ वर्षांनी आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६ वर्षांनी झाल्याचे दिसते. आता जोव्हान्नी दि आर्रिगोचा चुलतभाऊ जोव्हान्नी दि निकोलाव याचे नाव पुढे केले जाते. पण त्याची पत्नी कोस्तान्झा त्रेंता १४३३ मध्येच वारली होती. १४३४ च्या चित्रातली ही स्त्री मग कोण? एखादी नोंद नसलेली दुसरी पत्नी, असे कलेतिहासकार लॉर्न कॅम्बेल मानतो. मार्गारेट कॉस्टर या अभ्यासिकेने २००३ मध्ये धाडसी तर्क मांडला : ही कोस्तान्झाच, आणि चित्र तिच्या स्मरणार्थ. जळती मेणबत्ती पुरुषाच्या बाजूला आहे, स्त्रीच्या बाजूची जळून संपलेली. आरशाच्या चौकटीवर त्याच्याकडे ख्रिस्ताच्या हयातीतले प्रसंग, तिच्याकडे मृत्यू आणि पुनरुत्थान. थडग्यांवरील स्त्रीमूर्तींच्या पायांशीही असाच कुत्रा कोरत असत. हा तर्क सिद्ध झालेला नाही, पण तो कळल्यावर स्त्रीचा खाली झुकलेला फिकट चेहरा पूर्वीसारखा पाहता येत नाही.

चित्राची मूळ चौकट हरवली आहे. स्पॅनिश राजसंग्रहाच्या १७०० च्या यादीनुसार तिच्यावर रोमन कवी ओव्हिडच्या, प्रेमातल्या पोकळ वचनांविषयीच्या ओळी होत्या. विवाह किंवा स्मृती यांपैकी कशाशीच त्या सहज जुळत नाहीत. त्या व्हान आइकच्या काळातल्या की नंतर जोडलेल्या, यावरही एकमत नाही.