खडकांचा जमाखर्च: खाणीतल्या आम्ली पाण्याचा अंदाज कसा घडत गेला

दगडी कोळशाच्या उघड्या खाणीतून आम्ली पाणी एकदा झिरपू लागले की ते थांबवणे जवळजवळ अशक्य असते. खाण बंद होते, कंपनी निघून जाते, पण ओढा दशकानुदशके तांबडा-पिवळा वाहत राहतो. म्हणूनच या विषयात उपचारापेक्षा अंदाजाला जास्त मोल आहे. खोदण्याआधीच कळले, तर खोदायचे की नाही हे ठरवता येते. हा साधा विचार कायद्यात यायला मात्र फार उशीर लागला.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटनजवळच्या एका कुटुंबाने आपला ओढा खाणीच्या पाण्याने नासल्याबद्दल कोळसा कंपनीवर दावा लावला होता. १८८६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मोठ्या सार्वजनिक उद्योगापुढे खासगी गैरसोयीने माघार घ्यावी, असा त्याचा आशय होता. पुढची कित्येक दशके नद्यांनी त्याची किंमत मोजली.

पाणी आम्ली होते ते पायराइटमुळे. लोह आणि गंधकाचे हे खनिज कोळशात आणि त्याच्या वरच्या खडकात असते. खडक फोडून उकरला की त्याला हवा-पाणी लागते आणि गंधकाम्ल तयार होते. १९४७ साली वेस्ट व्हर्जिनियात कोल्मर आणि हिंकल यांनी दाखवून दिले की यात जिवाणूंचाही हात आहे. १९७० मध्ये सिंगर आणि स्टुम यांनी त्याचे कारण नेमके मांडले. आम्ली पाण्यात विरघळलेल्या लोहाचे ऑक्सिडीकरण एरवी अगदी संथ असते आणि तेच सगळ्या क्रियेची गती ठरवते. जिवाणू हीच पायरी प्रचंड वेगाने पार पाडतात.

अंदाजाची खरी पद्धत त्याच सुमारास वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात आकाराला आली. रिचर्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी कोळशावरच्या प्रत्येक थराचा जमाखर्च मांडला. गंधक किती, म्हणजे आम्ल किती होऊ शकेल, हा खर्च. चुनखडीसारखे आम्ल मारणारे द्रव्य किती, ही जमा. एक टक्का पायराइटी गंधक असलेल्या हजार टन खडकाला ३१.२५ टन कॅल्शियम कार्बोनेट लागते, हा त्या हिशेबाचा कणा. हीच रीत सोबेक आणि सहकाऱ्यांनी (त्यांत स्मिथही होते) लिहून काढली, आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ती पुस्तिकेच्या रूपात काढली.

वेळही जुळून आली होती. ऑगस्ट १९७७ मध्ये उघड्या खाणींचे नियंत्रण आणि जमिनीची पुनर्स्थापना यांचा संघीय कायदा झाला. खाणीचा पाण्यावर काय परिणाम होईल हे परवान्याआधीच सांगणे त्याने बंधनकारक केले. प्रयोगशाळेतला हिशेब आता परवान्याचा आधार बनला.

पण हिशेब स्वस्त आणि झटपट होता, म्हणून त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला गेला, असे मला वाटते. पायराइटचे बारीक, तुतीच्या फळासारखे गोळे भराभर झिजतात, तर ठोकळ स्फटिक सावकाश. फ्रँक कॅरुशिओ यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटीच हे दाखवले होते, पण ताळेबंद दोघांनाही एकाच भावाने मोजतो. दुसरी गफलत सिडेराइटची, म्हणजे लोहाच्या कार्बोनेटची. चाचणीत ते आम्ल मारताना दिसते, पण पुढे त्यातले लोह हवेशी क्रिया करून आम्ल परत देते, आणि जमेची बाजू फुगलेली राहते. यावर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरण्याची सुधारणा १९९०च्या दशकात पक्की झाली. त्याआधी, १९९० मध्ये, क्राव्होटा आणि सहकाऱ्यांनी मूळ आकड्यावरच बोट ठेवले. खाणीत परत टाकलेल्या खडकाच्या भरावातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकला नाही, तर चुनखडीची गरज दुप्पट, म्हणजे ६२.५ टन होते.

मग प्रत्यक्ष खाणींकडे मागे वळून पाहणे सुरू झाले. पेनसिल्व्हेनियात ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी आधीचे हिशेब आणि नंतर वाहिलेले पाणी शेजारी ठेवून तपासले. जमा आणि खर्च नुसते बरोबरीत असणे पुरत नाही, जमेची बाजू चांगलीच वरचढ लागते, हे त्यातून पुढे आले. नमुन्यांची जागाही तितकीच महत्त्वाची ठरली. काही फुटांच्या अंतरावर थर बदलतो, आणि एकाच बोअरहोलवर सगळ्या टेकडीचा निवाडा करणे धोक्याचे असते.

आज ताळेबंदासोबत आठवडोन्‌आठवडे चालणाऱ्या चाचण्याही करतात. नळकांड्यात खडकाचा चुरा भरून त्याला आळीपाळीने हवा आणि पाणी देतात, आणि झिरपलेल्या पाण्याचा सामू, लोह, सल्फेट तपासत राहतात. शिवाय त्याच थरावर पूर्वी चाललेल्या शेजारच्या खाणीतून कसले पाणी येते, तेही जाऊन पाहतात.