पालक नियंत्रण प्रणाली

पालक नियंत्रण प्रणाली : घरातील संगणकावरून इंटरनेटवर काय पाहता येईल, केव्हा आणि किती वेळ, हे पालकांना ठरवता यावे यासाठी वापरली जाणारी आज्ञावली (सॉफ्टवेअर), सेवा किंवा उपकरणातील सोय. आशय गाळणे, वेळेची मर्यादा घालणे आणि पाहिलेल्या गोष्टींची नोंद ठेवणे ही तीन कामे तीत सहसा एकत्र आलेली असतात. येथे मुख्यतः पहिल्या कामाचा विचार केला आहे. वेळमर्यादा बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आता अंगभूत असते आणि तिच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे.

उगम : या प्रकारची पहिली आज्ञावली कोणती, याविषयी एकमत नाही. कॅनडात गॉर्डन रॉस यांनी तयार केलेली नेट नॅनी आणि कॅलिफोर्नियातील लॉस अल्टोस येथील सर्फवॉच या दोहोंसाठी हा मान सांगितला जातो. नेट नॅनीच्या प्रारंभाची १९९३, १९९४ व १९९५ अशी तीनही वर्षे आढळतात. कल्पना सुचणे, कंपनी उभी राहणे आणि माल दुकानात येणे यांपैकी कशाला प्रारंभ म्हणायचे, यावर हा फरक अवलंबून असावा. सर्फवॉच १९९५ च्या मे महिन्यात आली, याबद्दल वाद नाही. त्याच वर्षी सायबर पेट्रोल (मॅसॅच्यूसेट्स) आणि सायबरसिटर (सांता बार्बरा) याही बाजारात होत्या. त्यामुळे काही महिन्यांच्या अंतराने लागलेला हा क्रम फार ताणण्यात अर्थ नाही.

वादाचे खरे मूळ तारखांत नसून व्याख्येत आहे. सुरुवातीची नेट नॅनी ही प्रामुख्याने शब्दांवर पहारा ठेवणारी होती. पालकांनी स्वतः भरलेला किंवा दुरुस्त केलेला शब्द पडद्यावर अथवा कळफलकावर आला, की ती चालू असलेले काम थांबवी. सर्फवॉचने मात्र कंपनीच्या माणसांनी तपासून केलेली संकेतस्थळांची तयार यादी वर्गणी घेऊन पुरवली आणि ती वेळोवेळी ताजी ठेवली. आजची गाळणी याच दुसऱ्या घाटाची आहे. म्हणून संकेतस्थळे गाळणारी पहिली आज्ञावली असे म्हणायचे असेल, तर सर्फवॉचचा दावा अधिक बळकट वाटतो. तिचे एक संस्थापक बिल डुव्हाल हे २९ ऑक्टोबर १९६९ रोजी आर्पानेटवरचा (इंटरनेटच्या पूर्वरूपावरचा) पहिला संदेश स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत घेणारे अभियंता होत. ज्यांनी पहिला संदेश आत घेतला, त्यांनीच पुढे संदेश अडवण्याचा धंदा उभारला, हा योगायोग गमतीचा आहे.

या आज्ञावली एकाच वर्षी का फोफावल्या, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, वर्ल्ड वाइड वेब नुकतेच घरोघर पोचत होते. दोन, कायद्याची भीती. टाइम साप्ताहिकाने ३ जुलै १९९५ च्या अंकात इंटरनेटवरील अश्लीलतेवर मुखपृष्ठकथा छापली. तिचा आधार असलेला विद्यार्थ्याचा अभ्यास लवकरच सदोष ठरला, पण तोवर अमेरिकन संसदेत खळबळ उडाली होती. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी झालेल्या कम्युनिकेशन्स डिसेन्सी ॲक्टने अल्पवयीनांपर्यंत असभ्य मजकूर पोचवणे गुन्हा ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून १९९७ रोजी त्यातील मुख्य कलमे रद्द केली आणि तसे करताना पालकांच्या हाती येऊ घातलेल्या आज्ञावलींचा उल्लेख केला. २००४ मध्ये दुसऱ्या एका कायद्याच्या निमित्ताने त्याच न्यायालयाने म्हटले, की गाळणी हा बंदीपेक्षा कमी जाचक आणि बहुधा अधिक परिणामकारक मार्ग आहे. उद्योगाच्या वाढीला बाजाराइतकाच न्यायालयीन युक्तिवादाचाही हातभार लागला, हे मत त्यामुळे बरेचसे ग्राह्य वाटते.

याद्यांचा वाद : वर्गणीच्या यादीत काय आहे हे ग्राहकाला दिसत नसे. यादी सांकेतिक रूपात ठेवलेली असे व ती कंपनीचे व्यापारी गुपित मानली जाई. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्फवॉचने अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरील एक पान अडवले. पान राष्ट्राध्यक्ष क्लिंटन व उपराष्ट्राध्यक्ष गोर या दांपत्यांविषयीचे होते आणि पत्त्यात ‘कपल्स’ हा शब्द आला, एवढाच त्याचा दोष. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना त्याच वर्षी एओएल या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावातील सलग चार अक्षरे इंग्रजीत शिवी ठरतात. शब्दगाळणीच्या या दोषाला संगणकशास्त्रात आजही त्या गावाचेच नाव आहे.

बेनेट हेझल्टन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली पीसफायर ही संस्था अशा याद्या उलगडून प्रसिद्ध करी. मार्च २००० मध्ये मॅथ्यू स्काला आणि एडी यानसन यांनी सायबर पेट्रोलची यादी उलगडल्यावर, तेव्हा त्या उत्पादनाची मालकी असलेल्या मॅटेल या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. त्याच वर्षी अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने (लायब्ररी ऑफ काँग्रेस) अडवलेल्या स्थळांच्या याद्या तपासण्यासाठी, एरवी कॉपीराइट कायद्याने मनाई असलेले सांकेतिक कुलूप तोडण्यास सवलत दिली. २००३ मध्ये ती वाढवली गेली, २००६ मध्ये मात्र नाही. खाजगी यादीऐवजी प्रत्येक संकेतस्थळाने स्वतःच स्वतःला लेबल लावावे, असा पिक्स नावाचा पर्याय वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने १९९६ मध्ये मांडला व इंटरनेट एक्सप्लोररने तो लगेच उचललाही. पण बहुतेकांनी लेबल लावलेच नाही. लेबल नसलेले सारे अडवावे तर वेब जवळपास बंद होते, आणि सोडावे तर गाळणीला काम उरत नाही. या पेचातून ती पद्धत बाहेर आली नाही.

गाळण्याची ठिकाणे : घराच्या संगणकासाठी प्रणाली निवडताना कंपनीच्या नावापेक्षा चाळणी नेमकी कोठे बसते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ब्राउझरपासून संकेतस्थळापर्यंतच्या मार्गावर ती निरनिराळ्या जागी बसवता येते आणि प्रत्येक जागेवरून दिसणारे दृश्य वेगळे असते.

सर्वांत स्वस्त जागा म्हणजे डीएनएस. ब्राउझरला संकेतस्थळाचे नाव अंकी पत्त्यात बदलून हवे असते. ते ज्या सेवेकडे विचारायचे तीच बदलली, की नको असलेल्या नावाला उत्तर मिळत नाही. ओपनडीएनएसने २०१० मध्ये फॅमिलीशील्ड ही मोफत सेवा आणली. क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०२० रोजी १.१.१.३ हा पत्ता कुटुंबांसाठी खुला केला आणि सुरुवातीला चुकून समलिंगी समुदायाची माहितीपर संकेतस्थळेही अडवली. ती चूक लगोलग सुधारली गेली. राऊटरच्या सेटिंगमध्ये हा आकडा एकदा भरला, की घरातील सर्व यंत्रांना तो लागू होतो. मर्यादा अशी, की डीएनएसला केवळ स्थळाचे नाव दिसते, पान दिसत नाही. व्हिडिओंचे एखादे मोठे संकेतस्थळ एक तर पूर्ण उघडे राहते नाही तर पूर्ण बंद होते. यातून एक पळवाट काढली आहे : गूगलचे नाव विचारले असता ‘सक्तीच्या सेफसर्च’चा (अश्लील निकाल गाळणाऱ्या शोधाचा) पत्ता द्यायचा आणि यूट्यूबच्या जागी त्याच्या निर्बंधित रूपाचा. निवडलेली सेवा हे करते की नाही, हे आधी पाहावे.

२०१८ मध्ये डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसमध्ये (वेबवरील कूटलेखित देवाणघेवाणीच्या पद्धतीत) गुंडाळून पाठवण्याचे मानक (आरएफसी ८४८४) प्रसिद्ध झाले आणि ही चाळणी सैल झाली. ब्राउझर राऊटरला न विचारता परस्पर दुसऱ्याच सेवेकडे विचारू शकतो. फायरफॉक्समध्ये यावर तोडगा आहे. ठराविक एका नावाला उत्तर न मिळाल्यास तो ‘येथे गाळणी आहे’ असे समजून आपली सोय आपणहून चालू करत नाही. परंतु वापरणाऱ्याने ती हाताने चालू केली, तर हा तोडगा लागू पडत नाही.

दुसरी जागा संगणकाच्या आतली. येथे पानाचा पूर्ण पत्ता, प्रसंगी मजकूरही तपासता येतो, पण त्यासाठी एचटीटीपीएसचे कूटलेखन मध्येच उघडावे लागते. आज्ञावली संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या सहीवर ब्राउझर विश्वास ठेवतो ते) बसवते आणि प्रत्येक संकेतस्थळाच्या नावे स्वतः सही करून ब्राउझरला पुढे देते. तांत्रिक दृष्ट्या ही मध्यस्थ-हल्ल्याचीच, म्हणजे दोघांच्या मध्ये शिरून संवाद वाचण्याचीच, रीत होय. ती हलगर्जीपणाने राबवली तर काय होते, हे २०१५ च्या सुपरफिश प्रकरणात दिसले. लेनोवोच्या लॅपटॉपवर आधीपासून भरलेल्या त्या जाहिरात-आज्ञावलीने सर्व यंत्रांत एकच खाजगी किल्ली ठेवली होती. तिच्यातील कूटलेखन उघडणारा घटक कोमोडिया या कंपनीचा होता आणि तोच घटक काही पालक नियंत्रण उत्पादनांतही आढळला. चीनने २००९ मध्ये प्रत्येक नव्या संगणकात सक्तीने घालू पाहिलेल्या ग्रीन डॅम या गाळणीतही मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना गंभीर छिद्रे सापडली, शिवाय सायबरसिटरच्या यादीचा उचललेला भागही. बँकेचे व्यवहार त्याच संगणकावरून होत असतील, तर कूटलेखन उघडणारी आज्ञावली टाळलेली बरी.

तिसरी जागा ऑपरेटिंग सिस्टिमची. ॲपलने २००५ मध्ये (टायगर आवृत्तीत) आणि मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये (विंडोज व्हिस्टात) ही सोय अंगभूत केली. सध्याच्या विंडोजमधील संकेतस्थळ-गाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते आणि म्हणून मुलाच्या खात्यात इतर प्रचलित ब्राउझर अडवते. पालकांना हे सहसा क्रोम उघडेनासा झाल्यावरच कळते.

कोणतीही पद्धत घेतली, तरी मुलाचे खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असता कामा नये. घरोघरी एकच खाते आणि तेही पासवर्डशिवाय असते. तेथे सर्वांत महागडी गाळणीही कंट्रोल पॅनेलमधून दोन मिनिटांत काढून टाकता येते. राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे हा याच जातीचा दोष होय.

परिणामकारकता : कडकपणा वाढवला की संरक्षण वाढते, ही समजूत मोजमापांत टिकत नाही. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सर्वांत सैल पातळीवर ८७ टक्के अश्लील स्थळे अडली व आरोग्यविषयक १.४ टक्के, तर सर्वांत कडक पातळीवर अनुक्रमे ९१ व २४ टक्के. म्हणजे चार टक्क्यांच्या लाभासाठी आरोग्याची जवळपास चतुर्थांश माहिती बंद झाली. निरोध, सुरक्षित संभोग यांसारख्या विषयांची सुमारे १० टक्के स्थळे सैल पातळीवरही अडली होती. आकडे जुने असले, तरी त्यांतील दिशा बदलली असल्याचे दिसत नाही. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या प्रिबिल्स्की व नॅश यांनी २०१८ मध्ये मांडलेला हिशोब आणखी थंड आहे : एका मुलाला लैंगिक आशयापासून दूर ठेवण्यासाठी १७ ते ७७ घरांनी गाळणी वापरावी लागेल. ब्रिटनमध्ये मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी २०१३ पासून नव्या ग्राहकांना गाळणीची निवड समोर ठेवली असल्याने तेथील आकड्यांना वजन आहे. याउलट, लहान वयात केवळ मंजूर स्थळेच उघडणारी पांढरी यादी चांगली चालते, यावर बहुतेकांचे एकमत आहे. मूल शाळेचे प्रकल्प स्वतः शोधू लागले, की ती अपुरी पडते.

भारतातील स्थिती : मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये नेमलेल्या समितीने सायबर कॅफेंचा विचार करताना अल्पवयीनांना खुल्या जागेतील, गाळणी बसवलेले संगणकच द्यावेत अशी शिफारस केली होती. पुण्याच्या क्विक हीलने (१९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने सुरुवात) पालक नियंत्रणाची सोय अँटिव्हायरससोबत दिली. त्यामुळे मराठी घरांत ही गोष्ट बहुधा वेगळी विकत न घेता अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाबरोबर येते आणि बंदच राहते. शासकीय पातळीवर ३१ जुलै २०१५ रोजी ८५७ संकेतस्थळे अडवण्याचा आदेश निघाला व काही दिवसांतच बराचसा मागे घेतला गेला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ स्थळे अडवण्यात आली. स्वस्त मोबाइल डेटा २०१६ नंतर आला आणि राऊटरवरची गाळणी फोनच्या हॉटस्पॉटपुढे निरुपयोगी ठरू लागली.

मराठी मजकुराबाबत शब्दगाळणी मुळातच दुबळी आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली येण्यापूर्वीची मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या खाजगी फाँटमध्ये असत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची विस्कळीत माळ असे, आणि गाळणीला तीच दिसे. युनिकोडने हा अडसर दूर केला. मात्र आता गप्पांतले मराठी मोठ्या प्रमाणात रोमन लिपीत, प्रत्येकाच्या मनाजोगत्या स्पेलिंगने लिहिले जाते.

नोंद ठेवण्याच्या कामाविषयी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे कलम ९ पाहावे लागते. अठरा वर्षांखालील व्यक्तीची विदा (डेटा) हाताळण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी आणि मुलांचा माग काढणे किंवा त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे विदा हाताळणाऱ्या संस्थांना वर्ज्य आहे, काही अपवाद वगळता. मुलाने उघडलेल्या प्रत्येक पानाची यादी स्वतःच्या सर्व्हरवर साठवणारी आज्ञावली या चौकटीत अवघडून बसते. जी नोंद त्याच संगणकावर राहते, तिच्याबाबत ही अडचण तुलनेने कमी आहे.